जुन्या मोटारीचे पथ्यपाणी

शहापूरच्या एका वाचकांनी पत्रासोबत गॅरेजच्या वहीतले एक पान पाठविले आहे. २०१६ सालची, पेट्रोलवर चालणारी वॅगन आर त्यांनी निपाणीच्या एका गृहस्थांकडून विकत घेतली. विकणाऱ्यांनी निरोप देताना सांगितले, "गाडीचे सगळे झालेले आहे, तुम्ही फक्त पेट्रोल घाला नि चालवा." आणि दुसऱ्याच दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी सात कलमांची यादी हातावर ठेवली : इंजिन ऑईल, गिअर ऑईल, ब्रेक ऑईल, कूलंट, पॉवर स्टिअरिंग ऑईल, एसीचा गॅस आणि 'इंजिन फ्लश'. पुढच्या महिन्यात कुटुंबासह आंबोलीवरून सावंतवाडीस जावयाचे आहे. तोवर यांतले काय बदलावे, काय राहू द्यावे आणि कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. आपल्या सीमाभागात जुनी मोटार घेताना मनुष्य काय पाहतो? पाटी केए २२ ची, एमएच ०९ ची की गोव्याची, म्हणजे ना-हरकत पत्राचे आणि कराचे हेलपाटे किती पडणार. मग रंग, टायर, आणि मालक कितवा. २८, २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज तर दलालांना तोंडपाठ असतात. परंतु गाडीच्या पोटात जे चार-पाच प्रकारचे द्रव खेळत असतात त्यांची चौकशी व्यवहार पुरा होईपर्यंत कोणीच करीत नाही. ते पत्र्याच्या आड असतात, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, गॅरेजच्या भाषेत त्या सर्वांना सरसकट 'ऑईल' म्हणतात, त्यामुळे एकाचे झाले म्हणजे सर्वांचे झाले असा समज होतो. वास्तविक ब्रेकमध्ये असते ते तेल नव्हेच. पण त्याविषयी पुढे.

विकणारे गृहस्थ खोटे बोलले असे आम्ही म्हणत नाही. 'सगळे झालेले आहे' याचा अर्थ बहुधा 'इंजिन ऑईल वेळच्या वेळी बदलले आहे' एवढाच असतो, आणि तितक्यापुरते ते खरेही असते. मिस्त्रींनी यादी केली तीही सर्वस्वी लबाडीची नाही. त्यांना गाडीचा पूर्वेतिहास ठाऊक नाही, म्हणून त्यांनी सगळेच लिहून टाकले. निवाडा करावयाचा तो कागदावरून. जमिनीचा उतारा पाहिल्यावाचून आपण शेत घेत नाही, तीच रीत येथेही चालवावी. मोटार कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात तिची कामे झाली असतील, तर गाडीच्या क्रमांकावरून मागच्या नोंदी तेथे निघू शकतात; मूळ मालकाला सोबत नेले तर अधिकच बरे. बाहेरच्या गॅरेजात झाली असतील तर बिले मागावीत. बिलावर तारीख, किलोमीटरचा आकडा आणि घातलेल्या द्रवाची जात या तिन्ही गोष्टी असतील तर ते काम झाले असे धरावे व त्यावर पुन्हा पैसा घालू नये. नुसते 'ऑईल' लिहिलेले बिल मात्र कोणत्याही कामाचा पुरावा नव्हे. जेथे कागद नाही तेथे काम झालेले नाही असे समजून चालावे. समोरचा मनुष्य कितीही सज्जन असो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे द्रव धावण्याने झिजतात तसेच नुसत्या काळानेही जुने होतात. निवृत्त गृहस्थांनी वर्षाला दोन हजार किलोमीटर चालविलेली गाडी म्हणजे घबाड, अशी लोकांची समजूत असते. इंजिनाच्या बाबतीत ती काही अंशी खरीही असेल. पण ब्रेक ऑईलला गाडी उभी आहे की धावते आहे याच्याशी कर्तव्य नसते. ते कॅलेंडर पाहते.

कागद नसेल तर पहिले काम ब्रेक ऑईलचे करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. इतर द्रव बिघडले तर खिशाला चाट बसते. हा बिघडला तर गाडीत बसलेल्यांच्या जिवावर बेतते. पायाखालचे पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला द्रव बारीक नळ्यांतून चारही चाकांपर्यंत तो दाब पोहोचवितो. द्रव दाबला जात नाही म्हणूनच पायाचा जोर जसाच्या तसा पलीकडे जातो. उद्यमबागेत हायड्रॉलिक पंपांच्या कारखान्यांत हयात घालविलेल्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. हा द्रव ग्लायकोल जातीचा असतो आणि त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते. पावसाळ्यात बरणीतले मीठ जसे ओलावते, तसा तो रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणाच्या बारीक छिद्रातून हवेतली ओल थोडी थोडी शोषीत राहतो. बेळगावच्या पावसाळ्यात तिला तोटा नाही.

ओल शिरली की त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. टाकीच्या झाकणावर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. नियमाप्रमाणे कोरा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. आता घाट उतरताना काय होते ते पाहा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. चार माणसे आणि सामान धरून लहान मोटारीचे वजन अकरा-बाराशे किलो होते. एवढे ओझे सहाशे मीटर खाली उतरविताना जी शक्ती जिरवावी लागते, तिच्यावर वीस-पंचवीस लिटर पाणी, म्हणजे एक भरला बंब, उकळी येईपर्यंत तापेल. त्यातला काही भाग वारा घेतो, काही इंजिन घेते. उरलेला सारा ब्रेकच्या चकत्यांवर येतो. जो मनुष्य पाय ब्रेकवर ठेवूनच घाट उतरतो, त्याच्या चाकांपाशी असलेल्या चमचाभर द्रवाला १४० अंश गाठणे अवघड नाही. तो उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडून जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही.

या दुखण्याचा दगलबाजपणा असा की, ते गावात दिसत नाही. खडेबाजारातून फिरताना ब्रेक उत्तम लागतात, गॅरेजच्या अंगणात मिस्त्री पेडल दाबून 'एकदम टाईट आहे' असे म्हणतो, आणि ते खरेच असते. घाटात पेडल गेल्यावर अर्धा तास गाडी उभी केली की वाफेचे पुन्हा पाणी होते, ब्रेक परत येतात, आणि पुराव्यादाखल काहीच शिल्लक राहत नाही. म्हणून 'ब्रेक चांगले लागतात' हे ब्रेक ऑईल न बदलण्याचे कारण होऊच शकत नाही. कोरा द्रव पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा असतो. जुना होता होता तो कोऱ्या चहाच्या रंगावर जातो. रंग काळपट असेल तर विचारच करू नये. पण रंग स्वच्छ आहे म्हणून ओल नाही असेही समजू नये. पुष्कळ उत्पादक दोन वर्षांची मुदत सांगतात, तीच पाळावी.

बदलणे म्हणजे काय, हे मिस्त्रींकडून आधी कबूल करून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी पिचकारीने वरची टाकी उपसून तीत नवा द्रव ओततात आणि बिल करतात. टाकीतला द्रव तापत नाही. तापतो तो चाकांपाशी असलेला, आणि तो जेथल्या तेथेच राहतो. चारही चाकांवरचे निपल क्रमाने उघडून, एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने निपल बंद-उघडे करावे, अशा रीतीने जुना द्रव संपून कोरा दिसू लागेपर्यंत काढला पाहिजे. क्रम पुस्तिकेत दिलेला असतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्यांत पुस्तिकेबाहेरची रीत वापरू नये. जुन्या गाडीत हे काम करताना पेडल पार तळापर्यंत दाबू नये, हेही सांगून ठेवावे. मास्टर सिलिंडरचा जो भाग वर्षानुवर्षे वापरात नव्हता तेथे गंज धरलेला असतो, आणि त्यावर घासून आतली रबरे फाटतात. मग 'ऑईल बदलले आणि ब्रेक बिघडले' असा बोभाटा होतो. लहान गाडीला अर्धा ते एक लिटर द्रव पुरतो. बाटली आपल्यासमोर सील तोडून उघडावी. फळीवरची अर्धी वापरलेली बाटली फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण तिने ओल प्यायला केव्हाच सुरुवात केलेली असते. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतो. डॉट ५ हा सिलिकॉनचा असतो, तो मुळीच चालत नाही. आणि डॉट ५.१ नावाचा प्रकार, आकडा फसवा असला तरी, पुन्हा ग्लायकोलचाच. हा द्रव बॉनेटच्या रंगावर सांडला तर रंग उचलतो, तेव्हा लागलीच भरपूर पाण्याने धुवावे.

वर 'ऑईल' या नावाच्या घोटाळ्याचा उल्लेख केला तो याचसाठी. टाकीत द्रव कमी दिसला म्हणून उत्साही मनुष्य इंजिनाचे तेल ओततो. खनिज तेलाने ब्रेकमधली सगळी रबरे फुगतात आणि अख्खी यंत्रणा उतरवावी लागते. तसे पाहिले तर पातळी कमी होणे हीच एक सूचना असते. हा द्रव जळून किंवा उडून कमी होत नाही. ब्रेकचे पॅड झिजले की चाकाकडचा दट्ट्या पुढे सरकतो आणि टाकीतली पातळी उतरते. नाही तर कोठे तरी गळती असते. वरून भर घालून रेघ गाठली की ती सूचना पुसली जाते. जुन्या गाडीत टाकी काठोकाठ भरलेली आढळली तर आम्हांला समाधान वाटत नाही, पॅड पाहावेसे वाटतात.

आता इंजिन ऑईल. हे बदलावे की नाही यावर वाद नाही. पावती अगदी ताजी नसेल तर बदलावे, सोबत ऑईल फिल्टर आणि तळाच्या बोल्टाचा वॉशरही बदलावा. तेल स्वच्छ दिसते हे कारण येथेही लंगडे आहे. विक्रीला काढताना ताजे तेल घालणे ही तर सर्वांत स्वस्त सजावट. एवढेच करून थांबले तरी बरे, पण काही जण मुद्दाम दाट तेल घालतात. झिजलेल्या इंजिनाची खडखड आणि धूर दाट तेलाने काही दिवस दबतो. योग्य जातीचे तेल घातल्यावर इंजिन बोलू लागले, तर ते तेलाचे पाप नव्हे. त्याचा खरा आवाज आता ऐकू आला इतकेच. म्हणून शक्य असेल तर हे काम पुरा पैसा चुकता करण्यापूर्वीच करून पाहावे, मालकाची हरकत नसली तर.

तेलाची जात पुस्तिकेत पाहून ठरवावी. ५डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते त्यातला 'डब्ल्यू' थंडीचा आहे. त्याआधीचा आकडा गार इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो, नंतरचा तापलेल्या इंजिनात किती दाट राहते ते. आमच्या पिढीचे लोक अजूनही २०डब्ल्यू-४० चा आग्रह धरतात. 'आपल्याकडच्या उन्हाला पातळ तेल टिकत नाही,' असे ते सांगतात. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण तिचे तेल लोकांच्या डोक्यातून अजून उतरलेले नाही. आजच्या इंजिनांतले भाग एकमेकांशी अधिक जवळून बसविलेले असतात, तेलाच्या वाटा अरुंद असतात. सकाळी गाडी चालू करताच वरच्या भागापर्यंत तेल चटकन पोहोचावे म्हणून ते पातळ ठेवलेले आहे. लहान पेट्रोल गाडीला ते तीन-साडेतीन लिटर लागते. भरून झाल्यावर गाडी सपाटीवर लावून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून पट्टी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पलीकडे भरलेले तेलही अपायकारकच असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मग पहिले दोन-तीन महिने दर पाचशे किलोमीटरला पट्टी पाहून आकडा लिहून ठेवावा. तेल किती कमी होते यावरून इंजिनाची खरी अवस्था जशी कळते, तशी ती एखाद्या जाणकाराने बॉनेट उघडून दोन मिनिटे कान लावल्याने कळत नाही.

तेल ओतण्याचे झाकण काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहावे. चिकट काळा गाळ थरावर थर बसलेला दिसला तर मागच्या मालकाने तेलाच्या बाबतीत हयगय केली आहे. येथेच मिस्त्री 'इंजिन फ्लश' सुचवितात, आणि येथेच आमचा त्याला विरोध आहे. तीव्र औषधाने सुटलेला गाळ गोळ्यागोळ्यांनी तळाशी येतो आणि तेल ओढणाऱ्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की तेल वर चढत नाही आणि इंजिन कोरडे फिरते. त्यापेक्षा योग्य जातीचे तेल घालून हजार-दोन हजार किलोमीटरवर ते फिल्टरसह पुन्हा बदलावे. पैसे तेवढेच जातात, गाळ सावकाश जातो. ज्या इंजिनात गाळ नाही त्याला फ्लश कशाला हवा, हे आम्हांला उमगलेले नाही. झाकणाच्या आतून दुधाळ साय दिसली तर मात्र गडबडून जाऊ नये. पावसाळ्यात गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच फिरत असेल तर हवेतल्या ओलीनेही ती धरते. तीच साय पट्टीवर दिसली, किंवा कूलंटच्या बाटलीत तेलाचा तवंग आला, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. असा व्यवहार शक्य तर सोडून द्यावा.

बेळगावात हुडहुडी कितीही भरली तरी रेडिएटर गोठत नाही. मग कूलंट कशाला, साधे पाणी का नको? हा प्रश्न आम्हांला पुष्कळांनी विचारला आहे, आणि सुशिक्षितांनीच अधिक. कूलंटमधले ग्लायकोल पाण्याला गोठू देत नाही हे त्याचे एक काम. आपल्याकडे कामाची दुसरी दोन. ते उकळण्याचा बिंदू वर नेते, आणि त्यातली गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियम, लोखंड व पितळ या सर्वांना आतून जपतात. ही द्रव्ये काळाने संपतात. कूलंट हिरवेगार दिसत असले तरी संपतात. साधे पाणी, त्यातून बोअरचे, घातले तर बंबाच्या आत धरते तशी क्षारांची पुटे रेडिएटरच्या केसासारख्या नळ्यांत धरतात. बाटलीतला द्रव तांबूस, गढूळ किंवा नुसता पाण्यासारखा असेल तर तो संपूर्ण काढून, यंत्रणा शुद्ध पाण्याने दोनदा धुऊन नवा भरावा. तयार कूलंट मिळते त्यात पाणी मिसळू नये; जे दाट मिळते त्यात बॅटरीत घालतात ते क्षारविरहित पाणी सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे, घालावे. रंगावरून जात ओळखू नये. हिरवा, निळा, गुलाबी हे रंग ज्याचे त्याने ठरविलेले असतात, आणि दोन भिन्न जाती एकत्र आल्या तर चोथा होऊन नळ्या तुंबू शकतात. म्हणूनच जुने काय आहे ते ठाऊक नसेल तर वरून भर घालण्यापेक्षा सगळेच बदलणे शहाणपणाचे. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, हे सांगण्याची गरज असू नये, पण भाजलेले हात आपण पाहतोच.

गिअर ऑईलकडे लोक सहसा पाहत नाहीत आणि ते बिचारे तक्रारही करीत नाही. आठ-दहा वर्षांच्या गाडीत ते कारखान्यातलेच असण्याचा पुष्कळ संभव असतो. घाई नाही, पण पहिल्या सहा महिन्यांत उरकावे. लहान गाडीला दोन-अडीच लिटर लागते. पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर 'वरच्या दर्जाचे' म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातली काही द्रव्ये गिअरबॉक्समधल्या पितळी कड्यांना बाधू शकतात. आणि येथे एक जुन्या मिस्त्रींची रीत सांगून ठेवतो. तेल काढण्याचा खालचा बोल्ट सोडण्यापूर्वी तेल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो की नाही ते पाहावे. वर्षानुवर्षे न हललेला वरचा बोल्ट गंजून बसलेला असला, आणि खालून तेल आधीच सांडले असले, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी घेऊन बसावे लागते. खालच्या बोल्टाच्या लोहचुंबकावर काजळासारखी बारीक लोखंडी पूड असणे स्वाभाविक आहे. दात किंवा कपचे निघाले तर तो वेगळा विषय.

ज्यांची गाडी आपोआप गिअर बदलणारी आहे त्यांनी आधी तिची जात नक्की करावी. २०१४ साली सेलेरिओबरोबर आपल्याकडे जी एएमटी रुळली, तिच्या आत गिअरबॉक्स साधाच असतो आणि गिअर ऑईलही त्याच प्रकारचे. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या जाती निराळ्या. त्यांचे द्रव निराळे, आणि एकाचा दुसऱ्यात गेला तर लाखाच्या घरातला खर्च ओढवतो. 'हा द्रव जन्मभर बदलावा लागत नाही,' असे सांगतात तेव्हा कोणाचा जन्म ते विचारावे. दाब देऊन फ्लश करविण्यापेक्षा खालून निघेल तेवढा काढून तेवढाच त्याच जातीचा नवा भरावा, आणि काही हजार किलोमीटरनंतर तेच पुन्हा करावे. मात्र गिअर आधीच घसरत असतील तर नव्या द्रवाने ते बरे होत नाहीत.

यादीतली उरलेली दोन कलमे आम्ही खोडून टाकली. या वाचकांच्या वॅगन आरमध्ये पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते. तेथे मोटर आहे, ऑईल नाहीच, मग बदलावयाचे काय? हे कलम छापील यादीतून उतरले असावे, अशी आम्ही मिस्त्रींच्या बाजूने समजूत करून घेतो. बोलेरो, इनोव्हा, जुनी स्कॉर्पिओ अशा गाड्यांत मात्र ते ऑईल असते आणि त्याची टाकीही वेगळी असते. तेथे ते काळे पडले असेल तर बदलावे. दुसरे कलम एसीच्या गॅसचे. तो बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा खर्च होत नाही. गारवा कमी झाला असेल तर गळती कोठे आहे ते आधी शोधावे. गळती तशीच ठेवून दर उन्हाळ्यात गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. आणि गारवा चांगला असेल तर त्या यंत्रणेला हात लावण्याचे कारण नाही.

बोलेरो, सुमो किंवा ओम्नी, म्हणजे ज्यांची मागची चाके ओढतात त्या गाड्या, घेणाऱ्यांनी मागच्या डिफरन्शिअलचे ऑईल विसरू नये; त्याला मात्र बहुधा जीएल-५ च लागते. डिझेल गाडीत इंधनाच्या फिल्टरच्या तळाशी साठलेले पाणी सोडून द्यावे.

पैशाची ओढ असेल तर क्रम असा धरावा : ब्रेक ऑईल आणि इंजिन ऑईल ताबडतोब, कूलंट पहिल्या महिन्यात, गिअर ऑईल सवडीने. ब्रेक ऑईलची बाटली दोन-तीनशे रुपयांत मिळते. मजुरीसह चारही कामे मिळून खर्च एक-दोन टायरांच्या किमतीच्या आसपास राहतो. सावंतवाडीस जाणाऱ्यांनी पहिली दोन कामे आणि पॅडची तपासणी केल्याखेरीज घाटाकडे गाडी वळवू नये. आणि ती झाल्यावरही ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा, पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रल करू नये. चोर्ल्याच्या वळणांनाही हेच लागू.

एका प्रकारच्या गाडीला मात्र हा क्रम लावू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या काठी असंख्य वाहने पाण्याखाली गेली. त्यांतली दुरुस्त होऊन बाजारात आलेली गाडी धुऊनपुसून नवी कोरी दिसते. सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांत, सुट्या टायरच्या खळग्यात, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याच्या शेवटच्या वितीवर गाळ पाहावा. गिअरबॉक्सला श्वास घेण्यासाठी एक बारीक नळी असते, तीतून पुराचे पाणी आत जाते आणि तेलाचे ताकासारखे पांढुरके पाणी होते. इंजिन ऑईल बदलणारे पुष्कळ असतात. गिअर ऑईल बदलण्याचे फार थोड्यांच्या ध्यानात येते. त्यामुळे संशय असेल तर वरचा बोल्ट सैल करून बोट आत घालावे. पांढुरके लागले तर गाडी घेऊ नये. घेऊन झालीच असेल तर प्रत्येक द्रव एकाच दिवशी बदलावा, उद्यावर टाकू नये.

काढलेल्या द्रवांचे काय करावे, हे बिलावर कधी लिहिलेले नसते. आपल्याकडे जळके ऑईल घरी मागून नेतात आणि वाळवी लागू नये म्हणून वाशांना, कुंपणाच्या खांबांना फासतात. ते कातडीला लागणे चांगले नाही. वापरलेल्या तेलात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. गटारात ओतलेले तर शेवटी कोणाच्या तरी विहिरीत उतरते. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे असे तेल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच गेले पाहिजे. ते तेथे जाते की नाही, हे मिस्त्रींना काम देण्यापूर्वी विचारावे. जुने कूलंट घराच्या अंगणात काढावयाचे असेल तर ते भांड्यात उघडे राहू देऊ नये. ते चवीला गोड असते आणि जहाल विषारी असते. मांजरे, कुत्री त्याला तोंड लावतात, आणि लहान मुलांचा भरवसा नसतो. झाकणाच्या डब्यात भरून, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, त्याच दिवशी गॅरेजात पोहोचते करावे.